वाऱ्याची नळी

चामडं

नळी म्हटलं की विजयमालेला आधी मोटेची सोंड आठवायची. पलूसजवळ तिच्या माहेरी मोट होती आणि मोटेच्या खालच्या अंगाला चामड्याची लांब सोंड. विहिरीतून वर येताना ती दुमडून धरलेली असे. काठाशी आली की सैल सुटे आणि सगळं पाणी थारोळ्यात ओतून मोकळी होई. बैल वडील हाकायचे. सोंडेला तेल देणं मात्र पोरींकडं. मोट उतरवली की करंजीचं तेल कोमट करायचं, सोंडेला बाहेरून चोळायचं, मग तोंडातून आत ओतायचं आणि दोघींनी दोन टोकं धरून ती खालीवर करायची, म्हणजे आतलं अंगही पिऊन घेतं. तेल प्यालेलं चामडं मऊ राहतं. न प्यालेलं भेगाळतं, आणि मग भर उन्हात पिकाच्या वाटणीचं पाणी विहिरीतच गळून जातं.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. चालायला तरी कोण शिकवतं?

गोष्ट इथून सुरू झाली हे केरबाला फार उशिरा कळलं. तो आपला ती रबरापासून मोजत होता.

रबर

केरबा आणि सयाजी दोघेही कुंडलचे, दोघेही लढाईवर गेलेले. सयाजी सफरमैना पलटणीत होता, सुरुंग लावायचा. केरबा मिसरात मोटारींच्या कारखान्यात. लढाई संपली, दोघं एकाच हंगामात घरी आले, आणि घरची ऊसशेती भाऊबंद बघतच होते म्हणून दोघांनी मिळून विहिरी खोल करायचा धंदा काढला. खडक फोडायचा सयाजीनं, पंप बसवायचा केरबानं.

सुरुंग उडाला की विहिरीच्या तळाशी वाईट हवा बसते. कंदील सोडला तर विझतो. बाकीचे लोक लिंबाच्या डहाळ्या दोरीला बांधून वरखाली करत आणि दिवस दिवस वाट बघत. या दोघांनी पुण्याहून लष्कराच्या लिलावातून लोहाराचा एक भाता आणला, आत पंखा असलेला, दांड्यानं फिरवायचा. आणि त्याला लावायला रबराची लांब नळी. वरच्यानं दांडा फिरवायचा, खालच्यानं नळीचं टोक फडक्यानं तोंडापाशी बांधून घ्यायचं. सुरुंगाच्याच दिवशी काम पुढं सरकायला लागलं. कामं दारात येऊन बसायला लागली.

नळी राहायची सयाजीच्या घरी, पडवीत, खुंटीला. पहिल्यांदा ती बघून सयाजीची बायको विजयमाला हसली होती.

"अगं बया, ही तर काळी सोंडच की!"

"व्हय वैनी," केरबा म्हणाला होता, "वाऱ्याची सोंड."

तोच म्हणाला होता.

पुढं एकदा नळी उचलताना तिची तुकतुकी बघून त्यानं शाबासकीही दिली होती. "सयाजी, नळी कशी ठेवलीया बघ वैनींनी. न्हाईतर तुझी बंडी बघ." सयाजी म्हणाला होता, "माझ्याकडं बघायला तिला नळीपासनं सवड कुठं घावती!"

मिसरात हवालदार रोज ओरडायचा, रबराला तेल लागू देऊ नका. पण ते वर्कशॉपात. कुंडलच्या पडवीत हे कुणाला सांगायचं असतं हे केरबाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मार्गशीर्ष, तीनदा

ती दुपार तीन जणांच्या तोंडून सांगावी लागते.

गाव सांगतं ते असं. पलूसच्या एका मळ्यात सुरुंग उडाला. सयाजी खाली उतरला. नळी लढाईतली, जुनी, सडकी. ती मध्येच बसली आणि वारा गेला नाही. लिलावाचा माल दुसरं काय करणार? देवानं सोन्यासारखा माणूस लढाईतनं परत आणला आणि विहिरीत नेला.

गावाला हे केरबानंच सांगितलं होतं.

विजयमाला सांगते ते असं. त्या आठवड्यात घरातलं करंजीचं तेल सरलं होतं. एरवी प्रत्येक कामाच्या आधी ती नळीला तेल द्यायची, आत आणि बाहेर, हात आखडत नव्हती. त्याच खेपेला राहिलं. "मालक म्हणालं, असू दे, एवढ्यानं काय हुतंय. आन् मी असू दिलं." समजूत घालायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एवढंच सांगायची. बायका म्हणायच्या, अगं तसं काय नसतं. ती म्हणायची, असतं. माझ्या माहेरी सोंड हुती, मला ठावं हाय.

केरबाचा उजवा हात सांगतो ते असं. दांडा फिरत होता. जरा जड, नेहमीसारखा. मग तो हलका झाला. हाताला बरं वाटलं. हाताला वाटलं की वारा आता मोकळा जायला लागला. मळ्याचा मालक शेजारी बसून उसाच्या बेण्याबद्दल बोलत होता, केरबा मान डोलवत होता, आणि हात भराभर फिरत होता, सुखानं. सयाजीच्या काखेतल्या दोरीला खालून खुशालीचा हिसका आला नाही, पण सयाजी हिसके द्यायला कंटाळायचाच. बोलता बोलता केरबानं सहज दोरी ओढून बघितली.

दोरी जड होती.

हात एवढंच सांगतो आणि गप्प होतो. कुणी विचारलंही नव्हतं त्याला.

कापलेला तुकडा

बाराव्याच्या आधी केरबानं नळी आपल्या गोठ्यामागं नेली आणि विहिरीच्या काठावर ती जिथं वाकत होती तिथं विळ्यानं उभी चिरली. आतलं रबर फुगलं होतं. मऊ, चिकट, कच्च्या गुळासारखं. दोन्ही बाजू एकमेकींना धरून बसल्या होत्या. बोटानं सोडवाव्या लागल्या. बोटाला वास आला तो करंजीचा, कडवट.

भात्याचं कोडंही तेव्हाच सुटलं. पुढं वाट बंद असली की आतला पंखा रिकामा फिरतो, दांडा हलका लागतो.

त्यानं सगळी नळी तोडून येरळा नदीच्या वाळूत पुरली. घरी येऊन हात धुतले. मग गावाला सांगितलं, रबर जुनं होतं.

खोटं एका वाक्याचं होतं. त्याला वाटलं, संपलं.

बोलून पाहिलेली वाक्यं

माधवनगरच्या एका गिरणीनं आपल्या रंगखात्याची विहीर खोल करायला सयाजीला सांगितलं होतं. शब्द त्याचा गेला होता. फाल्गुनात त्याचा धाकटा भाऊ कृष्णात केरबाकडं आला आणि म्हणाला, "केरबादा, खाली मी उतरतो. दादानं शब्द दिलेला. तू फकस्त नळी चांगली बघ."

विजयमालाही आली. विहिरीवर भाकरी-पाणी बघायला कुणीतरी पाहिजे, आणि घरात बसून त्या खुंटीकडं किती बघायचं, असं म्हणाली. तिच्या हातात बाटली होती. भरलेली.

"भावजी, ह्या खेपेला मी कसूर करणार न्हाई. नळी आली की माझ्याकडं द्या. कृष्णातच्या जिवाला मी जामीन."

रबराची नळी आणावी तर तिला तेल देऊ नका म्हणून सांगावं लागणार. का म्हणून विचारणार. मग सांगावं लागणार. केरबानं मळ्याच्या वाटेवर, एकटाच, तोंडानं बोलून बघितलं.

"वैनी, ह्या नळीला तेल लावायचं न्हाई, कारण की"

"वैनी, नवी पद्धत अशी निघालीया"

"गिरणीच्या साहेबानं सांगितलंय, नळीला कुणी हात"

हे शेवटचं त्यानं खरोखर तिच्यापुढं म्हणून बघितलं. ती म्हणाली, "साहेबानं मोट कवा बघितलीया?" आणि बाटलीचं बूच घट्ट केलं.

"वैनी, त्या दिवशी जे झालं ते"

"वैनी"

इथं वाट सरायची. वळून परत पहिल्यापासून.

सांगलीचा बाजार

आप्पासोचं दुकान सांगलीत पेठेच्या मागल्या अंगाला होतं. लढाईतला सगळा उरलासुरला माल तिथं येऊन पडायचा: तंबू, बूट, पत्र्याचे डबे, एका पायाचे स्टूल. आप्पासो स्वतः पोत्यावर बसायचा, कारण खुर्च्या विकायला होत्या.

"या फौजी! काय, पुन्यांदा लढाई काढली का काय?"

"नळी दाव. वाऱ्याची. माणसाला वारा न्यायचाय."

"माणसाला?" आप्पासोनं पान थुंकलं. "मोटारीला म्हणाला असतास तर बरं झालं असतं गड्या. मोटार मेली तर दुसरी मिळती."

केरबा एका पायाचं स्टूल उलटंसुलटं करून बघायला लागला. आप्पासोच्या ध्यानात आलं. तो उठला आणि आतून एक वेटोळं ओढत घेऊन आला. वर जाड कॅनव्हास, आत रबर, आणि रबराच्या पोटात तारेचं वेढं. "पाय दे हिच्यावर. दे, दे, घाबरू नकोस."

केरबानं पाय दिला. मग दोन्ही पाय देऊन उभा राहिला. नळी गोलच्या गोल. गुडघ्याभोवती वाकवली, तरी आतली वाट तेवढीच. फुंकर मारली, पल्याड टोकाशी आप्पासोच्या तळहाताला वारा लागला. माणसाच्या जिवासाठी याहून चांगली नळी केरबानं मिसरातसुद्धा बघितली नव्हती. त्यानं ती खाली ठेवली.

"रबराबिगर काय हाय?"

"रबराबिगर?" आप्पासोनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग छताच्या वाश्याला टांगलेलं दुसरं वेटोळं काढलं. पिवळसर, आरपार दिसणारं, बकऱ्याचं आतडं धुऊन वाळत घातल्यासारखं. "इमानातली हाय म्हणं. पिलास्टिक. आतनं मुंगी चालली तर भाइरनं दिसती."

केरबानं ती हातात घेतली. हलकी होती. अंगठा आत जाईल एवढी रुंद. वास नव्या बाहुलीचा. चिमटीत दाबली तर दबली आणि सोडली तर पुन्हा फुगली. वाकवली तर जरा खळगा पडला, पण वाट बुजली नाही. एका टोकातून पाणी सोडलं, ते आतून जाताना दिसलं, आणि केरबा क्षणभर सगळं विसरून बघत राहिला.

"तेल हाय का दुकानात?"

"भज्याचं का डोस्क्याचं?"

"करंजीचं."

"अरं नळी घ्यायला आलायस का नवरी नटवायला?"

पण त्यानं शेजाऱ्याकडून मागून आणलं. केरबानं आरपार नळीचा एक तुकडा आणि साध्या रबराचा एक तुकडा एकाच वाटीत बुडवून ठेवायला सांगितलं, आणि पुढच्या बाजाराला परत आला. रबर फुगून बोटाला लागत होतं. दुसरा तुकडा होता तसा. केरबानं तो पुसला, वाकवला, फुंकला, परत पुसला. त्याच्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, आप्पासो हळू आवाजात म्हणाला:

"फौजी, एक सांगू का? माझा माल हाय, दोन्ही खपतील. पण माणूस खाली उतरणार असंल तर तारेची घे. ही मला बी नवी हाय. उन्हात कशी वागंल, मला ठावं न्हाई."

"तेलाला तर टिकली न्हवं?"

"तेलाला टिकली. पण तुला विहिरीत तेल सोडायचंय का वारा?"

केरबानं आरपार नळी खांद्याला अडकवली. वाटेत त्याला मोकळं वाटत होतं. आता विजयमालेनं कितीही तेल ओतावं. तिला कधी काही सांगावं लागणार नाही. त्यानं नळीच्या हरतऱ्हेच्या परीक्षा घेतल्या होत्या आणि सगळ्या परीक्षांत प्रश्न मात्र एकच विचारला होता.

माधवनगर, सकाळ

चैत्र लागला होता. आदल्या दिवशी मावळतीला सुरुंग उडवलेला. सकाळी कंदील सोडला, तो निम्म्यावर फडफडला आणि तळाशी विझला.

विजयमाला नळी मांडीवर घेऊन बसली होती. बाहेरून चोळून झाली होती. आता ती आत तेल सोडत होती आणि तेलाची धार आतून पुढं सरकताना दिसत होती. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी नवल होतं.

"आतलं दिसतंय भावजी. कुठं राहिलं, कुठं लागलं, समदं कळतंय. त्या काळीचं आतलं मला कवाच कळलं न्हाई."

केरबानं भात्याचा पट्टा तपासायला मान खाली घातली.

कृष्णातनं काखेतून दोरी बांधून घेतली. नळी तोंडापाशी घेतली. "केरबादा, ह्यातनं माझा श्वास दिसंल का रं?"

"दिसला तर सांगतो."

"वैनी, भाकरी झाकून ठेवा. गिरणीची लोकं माझ्या वाट्याची खात्यात."

दोरी धरायला आलेले गिरणीचे दोन गडी हसले. "तू आधी खाली तर जा. खाल्ली का न्हाई ते वर आल्यावर बघ."

तो उतरला. विजयमाला काठावर बसून नळी हातातून सोडत गेली. दांडा फिरायला लागला, जरा जड, जसा असावा तसा. खालून हाक आली, "वारा झ्याक!" पाटीत दगड भरून यायला लागले. एक पाटी, मग दुसरी. गड्यांनी मोजायचं सोडून गाणं धरलं.

ऊन वर आलं. काठाचा काळा दगड तापला. नळी त्या दगडावरून वाकून खाली जात होती.

दुपार

दांडा हलका झाला.

यावेळी हाताला कळलं.

"ओढा! ओढा, ओढा!" केरबा ओरडला आणि दांडा सोडून काठाकडं धावला. दगडावर नळी उन्हानं मऊ पडली होती. वाकीपाशी चपटी होऊन, थकलेल्या बैलाची जीभ पडावी तशी. त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून धरली, गोल करायला बघितली. बोटांत ती मेणासारखी दबत होती. गडी दोरी ओढत होते. कप्पी कुरकुरत होती. विजयमाला काठावर गुडघ्यावर बसून खाली वाकली होती आणि "आला, आला, आला" म्हणत होती, कुणी दिसत नसताना.

मग तो दिसला. मान एका बाजूला. ओठ जांभळे.

काठावर पालथा घातला, पाणी मारलं, एका गड्यानं पाठीत बुक्क्या घातल्या. कृष्णात ओकला. मग श्वास घेतला, लाकूड करवतावं तसा आवाज करत. मग परत घेतला. डोळे उघडून त्यानं आभाळाकडं बघितलं आणि परत मिटले.

"जिवंत हाय," गडी म्हणाला. "सावलीत घ्या."

त्याला पिंपरणीखाली नेलं. गडी त्याच्यापाशी बसले. काठावर दोघंच उरली.

विजयमाला त्या चपट्या नळीकडं बघत होती. तिचे तळवे तेलानं चमकत होते. "मी सकाळीच दिलं हुतं. आत, भाइर. तुमी बघितलं न्हवं? कमी पडलं का वं भावजी? ऊन लय हाय, दोनदा द्यायला पायजे हुतं." आणि तिनं सावलीत ठेवलेल्या बाटलीकडं हात लांबवला.

"वैनी, बाटली ठेवा."

"पुन्यांदा एक हात देते, मग"

"ठेवा ती बाटली!"

ती थांबली. केरबा तिच्याशी या आवाजात कधी बोलला नव्हता. तो खाली बसला, तापल्या दगडावर.

"ही नळी उन्हानं मऊ पडली. तेलाचा काय संबंध न्हाई. उन्हाचं मला सांगितलं हुतं, म्या ऐकलं न्हाई."

"का न्हाई ऐकलं?"

वाटेवर बोलून पाहिलेलं एकही वाक्य हाताशी येईना.

"रबराला तेल चालत न्हाई, वैनी. ते फुगतं. चिकाट हुतं. पलूसची नळी म्या चिरून बघितली. ती आतनं चिकटली हुती."

कुठंतरी गिरणीचा भोंगा झाला. जेवणाची सुट्टी. माणसांचे आवाज आले, लांबून, हसण्याचे.

"आतनं," ती म्हणाली.

"व्हय."

"म्हंजे तेल सरलं म्हून न्हवं."

"न्हाई."

"आदुगर दिलेलं, त्येनं."

त्यानं मान हलवली. ती तळवे उलटेसुलटे करून बघत राहिली.

"कवा बघितली चिरून?"

"बाराव्याच्या आदी."

"तवापासनं तुमाला ठावं हाय." हा प्रश्न नव्हता. ती एकेक पायरी उतरावी तशी बोलत होती. "मी बायास्नी सांगत बसायची, तेल राहिलं, तेल राहिलं. तुमी ऐकत हुता. आन् मग ही आणली. बिनरबराची. म्हंजे मी तेल दिलं तरी चालंल. म्हंजे मला सांगाया नगं."

"व्हय."

"माझ्यापायी कृष्णातला खाली सोडलासा."

केरबानं खाली बघितलं. दगडावर नळीतून गळलेल्या तेलाचा डाग पसरत होता.

"भात्यावर पलूसला तुमीच हुता न्हवं?" ती म्हणाली. "आत्ता तुमाला लगीच कळलं. तवा हाताला कायबी कळलं न्हाई?"

एवढं एक तो नाही म्हणू शकला असता. कुणी साक्षीला नव्हतं.

"हलका लागला," तो म्हणाला. "मला बरं वाटलं."

ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला सोसलं असतं. तिनं खाली वाकून मूठभर माती घेतली आणि तळव्यांना चोळायला लागली. माती तेलात कालवून काळी झाली. तिनं ती झटकली, दुसरी घेतली.

"आत्याबाईस्नी मी सांगीन," ती म्हणाली. "तुमच्या तोंडनं नगं."

कुंडल

सांजेच्या गाडीनं तिघं परत आली. केरबानं गिरणीत सांगितलं होतं, तारेची नळी आणतो, मग काम धरू. कृष्णात गाडीत खिडकीपाशी डोळे मिटून बसून होता.

सयाजीची आई सुलाबाई दारातच होती. थोरल्याच्या मागं आता धाकटा विहिरीत उतरतोय म्हणून ती रोज दारात असायची. तिनं कृष्णातच्या तोंडावरून हात फिरवला, उतरलेलं तोंड बघितलं. विजयमाला म्हणाली, "आत्याबाई, आत चला. सांगायचंय."

दोघी आत गेल्या. केरबा कट्ट्यावर बसला. कृष्णात भिंतीला टेकला. आतून विजयमालेचा आवाज येत होता, एका पट्टीत, न थांबता, भांड्यात पाणी ओतत राहावं तसा. केरबा रडण्याची वाट बघत होता. आवाज थांबला. रडणं आलं नाही. चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

मग सुलाबाई बाहेर आली. केरबा उठून उभा राहिला. तिला द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं. शिव्या घ्यायला तो तयार होता. ती त्याच्या जवळून गेली आणि कृष्णातच्या पुढ्यात जाऊन बसली.

"लेकरा," ती म्हणाली, "तू आज तितं जाऊन आलास. तुलाच ठावं असणार. मला खरं सांग. माझ्या सयाजीला लय तरास झाला असंल का रं?"

विजयमाला दारात येऊन उभी राहिली होती.

कृष्णातनं आईकडं बघितलं. वर काढल्यापासून तो तेव्हा पहिल्यांदा नीट बोलला.

"न्हाई, आये. झोप लागल्यागत हुतं बग. डोळ्यावर झापड येती आन् मग कायबी कळत न्हाई. सुखाची झोप."

बोलता बोलता त्यानं मुठी मिटून मांडीखाली घेतल्या. केरबानं त्या आधी गाडीत बघितल्या होत्या. दोन नखं मुळातून निघालेली, बाकीच्यांत खडकाची पूड आणि रक्त.

सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. "झोप," ती म्हणाली. "झोप लागली म्हणायची माझ्या लेकराला." आणि मग ती रडायला लागली, एवढ्या महिन्यांत रडली नव्हती तशी.

विजयमालेच्या नजरेतून त्या मुठी सुटल्या नव्हत्या. ती पुढं आली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून खाली बसली. केरबाकडं तिनं बघितलं नाही.

"ऐकलं न्हवं आत्याबाई?" ती म्हणाली. "झोपच ती."